हरताळ, मनशीळ आणि सोमल

बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात हजारो हस्तलिखितं जपलेली आहेत. इथल्या जुन्या मराठी घरांतही एखादी पोथी कापडात बांधलेली सापडते. पश्चिम भारतातल्या अशा कागदी पोथ्यांत ओळीच्या मध्येच कधी पिवळा डाग दिसतो. लिहिणाऱ्याची चूक झाली की तो त्या अक्षरांवर हरताळ फासत असे आणि वाळल्यावर वर नवं अक्षर लिहीत असे. हा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. आर्सेनिक हे नावही मुळात हरताळाचंच. फारसीतला झर्नीख ग्रीकांकडे आर्सेनिकॉन झाला.

मग पोथी हाताळणं धोक्याचं का? आपल्या जुन्या वैद्यांनी हरताळ, मनशीळ आणि सोमल अशी तीन वेगळी नावं ठेवली, आणि ती वेगळी राहायलाच हवीत. हरताळ पिवळा. मनशीळ लाल-केशरी, तीही गंधकाचीच, फक्त प्रमाण निराळं. उजेडात राहिली तर तिची हळूहळू पिवळी भुकटी होते. दोन्ही पाण्यात फारच कमी विरघळतात, त्यामुळे पानाला बोट लागल्याने विषबाधा होत नाही. तरी डाग खरवडू नये, बोटाला थुंकी लावून पानं उलटू नयेत, हात धुवावेत. आणि फाटकी पानं जाळू तर मुळीच नयेत. हरताळ हवेत तापला की त्यातलं गंधक जळून जातं आणि आर्सेनिक ऑक्सिजनशी जोडलं जाऊन सोमल होतो.

सोमल पांढरा, वास नसलेला, चवीलाही जवळजवळ न कळणारा. म्हणून तो शतकानुशतकं खुन्यांच्या हाती राहिला. 1836 मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने अत्यल्प आर्सेनिकही पकडणारी चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे न्यायालयांना भरवशाचा पुरावा मिळू लागला. शरीरात गेल्यावर हे आर्सेनिक प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट धरतं आणि पेशींना ऊर्जा पुरवणारी विकरं बंद पडतात. हरताळात आर्सेनिकची गंधकाची ओढ आधीच भागलेली असते. मासळीतलं बहुतेक आर्सेनिक तर आणखी वेगळ्या सेंद्रिय रूपात असतं आणि शरीरातून जसंच्या तसं बाहेर पडतं. ‘आर्सेनिक सापडलं’ एवढीच बातमी मला म्हणूनच अपुरी वाटते. कोणतं, ते सांगायला हवं.

आज सर्वात जास्त माणसांना छळणारं आर्सेनिक पाण्यातलं आहे. बंगालच्या खोऱ्यात हिमालयातून आलेल्या गाळातल्या लोहाच्या कणांना ते चिकटलेलं असतं. जमिनीखाली प्राणवायू संपला की जिवाणू त्या लोहाचं रूप पालटतात, आर्सेनिक सुटतं आणि कूपनलिकेत येतं. पाणी नितळच दिसतं. हातापायांवरचे डाग आणि कातडीच्या गाठी अनेक वर्षांनी उमटतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. असं पाणी उकळून उपयोग नाही. वाफ निघून जाते, आर्सेनिक भांड्यात राहतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं.