रिकाम्या बॅटरीचा पहिला तास

मे महिन्यातली नागपूरची इतवारी, दुपारचे दोन. एका ई-रिक्षावाल्याने सीट उचलून बॅटरीची बुचं काढली होती. चार्जर चालू होता, आतलं पाणी खदखदत होतं आणि गंधकाचा उग्र वास येत होता. "भाऊ, दोन घंट्यात फुल होऊन जाते का?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. गाडी चार्जिंगला लावली की तेवढी भाडी बुडतात.

ई-रिक्षातली ही शिशाची बॅटरी जोरात चार्ज होते, पण रिकामी असताना. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट, म्हणजे शिशाचा क्षार, साचतं. चार्जिंगमध्ये त्याचं पुन्हा शिसं आणि शिशाचा ऑक्साइड होतो. सल्फेट भरपूर असेल तर येणारा करंट त्यातच खपतो. ते संपत आलं की उरलेला करंट पाणी फोडतो आणि हायड्रोजन-ऑक्सिजन सुटतो. ती खदखद म्हणजे वाया जाणारी वीज. शिवाय हायड्रोजन भडकतो, तिथे बिडी पेटवू नये.

एक जुना ठोकताळा फार कामाचा आहे: बॅटरीतून जितके अँपिअर-तास (एक अँपिअर करंट तासभर, म्हणजे एक अँपिअर-तास) गेले, जास्तीत जास्त तितके अँपिअर द्यावेत. 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीतून 70 वापरले, तर सुरुवात 70 अँपिअरने करता येते. भरेल तसा करंट उतरवत न्यायचा. या हिशेबाने पहिल्या तासात सुमारे 44 अँपिअर-तास परत येतात, दुसऱ्यात 16, तिसऱ्यात जेमतेम 6. घाई फळते ती पहिल्या तासातच.

त्यात आपलं ऊन. 25 अंशांना 12 व्होल्टच्या बॅटरीला 14.4 व्होल्ट देत असाल, तर 45 अंश तापलेल्या बॅटरीला अंदाजे अर्धा व्होल्ट कमी हवा. साध्या चार्जरला तापमान कळतच नाही. मला तर नागपुरात हाच मोठा दोष वाटतो, कारण उष्णतेत दर 10 अंशांमागे बॅटरीचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं.

इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रीड गाडीत ब्रेक दाबताच मोटर वीज बनवते आणि काही सेकंदांत बॅटरीकडे मोठा करंट येतो. तो झेलायला ऋण प्लेटमध्ये कार्बन घालतात. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेची अल्ट्राबॅटरी तर शिशाची बॅटरी आणि सुपरकपॅसिटर (झटपट वीज साठवणारा आणि सोडणारा भाग) एकाच डब्यात बसवते.

त्या रिक्षावाल्या भाऊंना मी म्हटलं, दुपारी तासभर लावा, बुडबुडे वाढले की काढा. रात्री मात्र सावकाश पूर्ण भरा, नाहीतर उरलेल्या सल्फेटचे खडे घट्ट बसतात. त्यांनी प्लग काढला आणि बॅटरीतलं पाणी किती उतरलंय ते वाकून बघू लागले.