शस्त्रसंधी म्हणजे शरणागती नव्हे
दूरच्या एखाद्या युद्धात शस्त्रसंधी व्हावी यासाठी खासदारांना निवेदन देण्याचा विषय पुण्यात निघाला, की ‘हे तर एका बाजूला शरण जायला सांगणे झाले’ हा आक्षेप हमखास येतो. तो चुकीचा आहे. शस्त्रसंधीत लढाई थांबते. सैन्य, शस्त्रे आणि दावे ज्याचे त्याच्याकडेच राहतात. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी लढाई थांबली, पण शरण कोणीच गेले नाही आणि शांतता करार तर अद्यापही झालेला नाही. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या तिथल्या युद्धकैद्यांचा ताबा सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल एस. पी. पी. थोरात या मराठी अधिकाऱ्याकडे होते, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला आठवत नाही.

नागरिकांचे रक्षण तर शस्त्रसंधीवर अवलंबूनही नाही. युद्धात कसे वागावे याचे नियम ठरवणाऱ्या १९४९ च्या जिनिव्हा करारांचे पहिलेच कलम ते करार कोणत्याही परिस्थितीत पाळण्याचे आणि इतरांकडूनही पाळले जातील हे पाहण्याचे बंधन घालते. समोरच्याने नियम मोडले, ही सबब तिथे चालत नाही. भारताने यासाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदाही केला. म्हणूनच निवेदनात शस्त्रसंधी आणि नागरिकांचे रक्षण या दोन मागण्या वेगवेगळ्या मांडाव्यात, म्हणजे पहिली नाकारणाऱ्या नेत्याला दुसरीचे उत्तर द्यावेच लागेल.