अलॉटमेंट: ब्रिटनमधल्या ‘तात्पुरत्या’ वाफ्यांची पार्श्वभूमी

‘अलॉटमेंट’ म्हटले की मराठी वाचकाला घराचे वाटपपत्र आठवते. इंग्लंडमध्ये हा शब्द भाजी पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यासाठी वापरतात, पण मूळ तिथलेही वाटपच. गावच्या सामायिक जमिनींना कुंपणे पडली, गुरे चारायचा आणि सरपण गोळा करायचा हक्क गेला. त्या बदल्यात गरिबांसाठी थोडी जमीन राखावी, असे 1845 च्या कायद्याने सांगितले. पुढच्या पंचवीसेक वर्षांत सहा लाखांहून जास्त एकर कुंपणाआड गेले आणि गरिबांच्या वाट्याला आले जेमतेम 2,200 एकर. या भागावर पुष्कळ लिहून झाले आहे.

अलॉटमेंटवरच्या आजच्या वादांत कामाला येतो तो 1908 चा कायदा. सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली की स्थानिक संस्थेला, म्हणजे तिथल्या परिषदेला, तिचा विचार करावा लागतो, आणि मागणी खरी वाटली तर पुरेसे तुकडे पुरवावे लागतात. ते किती दिवसांत, हे कायदा सांगत नाही. सगळ्या प्रतीक्षायाद्यांचा जन्म या एका मौनात आहे. मध्य लंडनच्या बरोंवर, म्हणजे तिथल्या प्रभागवार स्थानिक संस्थांवर, तर 1960 च्या दशकातल्या फेररचनेपासून ही सक्तीही उरली नाही. 1922 मध्ये व्याख्या आली: 40 पोलपर्यंतचा, म्हणजे पाव एकराचा तुकडा, ज्यातली भाजी आणि फळे मुख्यतः स्वतःच्या घरी खायची. प्रत्यक्षात रुळले ते 10 पोलचे माप, म्हणजे साधारण अडीच गुंठे.

खरा गुंता 1925 पासूनचा आहे. त्या वर्षीच्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. नगररचना योजना आखताना अलॉटमेंटसाठी जमीन राखायची का, याचा विचार करायला स्थानिक संस्थांना लावले. आणि आठव्या कलमात बजावले की अलॉटमेंटसाठी विकत घेतलेली किंवा त्या कामी वर्ग केलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता किंवा दुसऱ्या कामाला लावता येणार नाही. हटवलेल्या लोकांची पुरेशी सोय होणार असेल, किंवा तशी सोय अनावश्यक अथवा अव्यवहार्य असेल, तरच संमती मिळते.

वाचायला हे भक्कम वाटते. पण अशा जमिनीला ‘वैधानिक’ आणि उरलेल्या जमिनीला ‘तात्पुरती’ म्हणायची जी पद्धत पडली, ती कचेऱ्यांतली. कायद्यात या दोन शब्दांची व्याख्या सापडत नाही. जमीन कोणत्या बाजूला पडते ते ठरते जुन्या खरेदीखतावरून आणि परिषदेच्या सभेतल्या ठरावावरून. समजा, परिषदेने दफनभूमी पुढेमागे वाढवायची म्हणून शेत घेतले आणि गरज पडेपर्यंत तिथे भाजीचे वाफे पाडून दिले. आजोबांनी खणले, नातू खणतो आहे, शेडचे लाकूड दोनदा बदलले, तरी कागदावर ती जमीन तात्पुरतीच. भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीचीही हीच गत, आणि चर्चच्या किंवा रेल्वेच्या मालकीच्या जागांना तर आठवे कलम मुळात लागूच नाही. साठ-सत्तर वर्षांच्या वहिवाटीला ‘तात्पुरती’ म्हणणे ही भाषेची चेष्टा आहे. ती परिषदांच्या सोयीची आहे, हेही उघड आहे.

बरे, वैधानिक असले म्हणजे निर्धास्त, असेही नाही. वॉटफर्डमधली फार्म टेरेस ही जागा 1896 पासूनची, रुग्णालयाशेजारची. तिथल्या पुनर्विकासासाठी ती घ्यायला मंत्र्यांनी 2013 मध्ये संमती दिली. वाफेवाले न्यायालयात गेले, संमती टिकली नाही, पुन्हा दिली गेली. अखेर 2016 मध्ये उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली.

युद्धांच्या काळाबद्दल थोडक्यात. पहिल्या महायुद्धाअखेर सुमारे 15 लाख तुकडे होते, दुसऱ्यातही जवळपास तितकेच. 1950 च्या कायद्याने वाफ्यावर कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा दिली, पण धंद्यासाठी नव्हे, आणि कोंबड्यांत कोंबडा नको. 1969 च्या सरकारी चौकशी अहवालाने अलॉटमेंटचे नाव बदलून ‘विरंगुळ्याची बाग’ करावे असे सुचवले. तोवर तुकडे पाच लाखांच्या आसपास आले होते. नाव बदलले नाही, घसरण चालू राहिली. मोकळ्या पडलेल्या कडांवर घरे उठली, आणि नंतर मागणी परतली तेव्हा जमीन गेलेली होती.

नियोजनाच्या बाजूने पाहिले तर अलॉटमेंट ही चमत्कारिक वस्तू आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयाने ती शेती ठरवली, म्हणजे शेताचे वाफे करायला नियोजन परवानगी लागत नाही. 2002 च्या सरकारी नियोजन धोरणाने तिला मोकळ्या जागांच्या वर्गवारीत बसवले आणि स्थानिक गरज मोजायला सांगितले. 2018 च्या इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन चौकटीत ती आरोग्याच्या परिच्छेदात आली. आता नव्या वसाहतींत विकासकाशी करार करून वाफे मिळतात खरे, पण ते अनेकदा देखभाल कंपनीच्या ताब्यात जातात. परिषदेने जमीन घेतलीच नाही, तर आठवे कलम लागणार कुठून?

स्कॉटलंडने वेगळी वाट धरली. तिथल्या 2015 च्या कायद्यानुसार, एकही अलॉटमेंट नसलेल्या परिषदेच्या प्रतीक्षायादीत 15 जण झाले की तिच्यावर जबाबदारी येते आणि कोणाला पाच वर्षांहून जास्त थांबावे लागू नये यासाठी तिने वाजवी पावले उचलायची असतात. अन्नलागवडीचे धोरण लिहिणेही सक्तीचे झाले. इंग्लंडच्या कायद्यात असा आकडा अजून नाही.

सामुदायिक बागांना तर इंग्लंडमध्ये पुरवठ्याची सक्तीही नाही आणि आठव्या कलमाचे कवचही नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉसला पुनर्विकास चालू असताना राडारोडा वाहायच्या लोखंडी स्किपमध्ये माती भरून भाजी लावली होती. बांधकाम पुढे सरकले की स्किप उचलून पलीकडच्या रिकाम्या भूखंडावर ठेवायचे. सुमारे दशकभर ती बाग अशीच जागा बदलत राहिली.