डोंगल घेण्याआधी आतला नंबर बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते बऱ्याच जुन्या मशिनांत नाही. म्हणून वाशी, महापे, नौपाड्यातल्या छोट्या ऑफिसांनी चालती मशिनं भंगारात न घालता त्यांवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) टाकणं शहाणपणाचंच आहे. अडतं ते स्कॅनर आणि वायफाय डोंगलपाशी (यूएसबीत लावायचं वायफायचं छोटं उपकरण). दुकानात "सगळ्याला चालतं" असं ऐकून पैसे देऊ नका.

यूएसबी उपकरण जोडलं की कॉम्प्युटर त्याच्याकडून १८ बाइटांची माहिती मागवतो. त्यात १६-१६ बिटांचे दोन नंबर असतात: कंपनीचा व्हीआयडी आणि वस्तूचा पीआयडी. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, या नंबरांपासून 'मोडअलायस' नावाची एक ओळ बनवतं. मग ती ओळ ड्रायव्हरांच्या (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामांच्या) तक्त्याशी ताडून पाहिली जाते. जुळली तर ड्रायव्हर चढतो. नाही जुळली तर डोंगल जोडलेल्या उपकरणांच्या यादीत दिसतं, पण नेटवर्क काही दिसत नाही. विंडोजही असंच जुळवतं, फक्त ड्रायव्हरसोबत येणाऱ्या आयएनएफ फाइलींमधून. कीबोर्ड, पेनड्राइव्ह आपला 'वर्ग' सांगतात आणि त्या वर्गाचा ड्रायव्हर ओएसमध्ये आधीच असतो, म्हणून ते कुठेही चालतात. खोक्यावरचं नाव या सगळ्यात कुणी वाचतच नाही.

टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या. पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची एआर९२७१ चिप, नंबर ०सीएफ३:९२७१ (आधी व्हीआयडी, मग पीआयडी). तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, फक्त फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाइल हवी. ती नसेल तर ड्रायव्हर जुळूनही वायफाय उठत नाही. दुसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची चिप आली, नंबर झाला २३५७:०१०सी आणि ड्रायव्हरही वेगळा. मॉडेलचं नाव मात्र तेच.

म्हणून तपासून पास झालेल्या वस्तूंची प्रमाणित यादी वाचताना मॉडेल, हार्डवेअर आवृत्ती आणि ओएसची आवृत्ती हे तिन्ही जुळायला हवेत. उबुंटू या लिनक्सच्या यादीत २२.०४ आवृत्तीसाठी पास झालेला लॅपटॉप २४.०४ साठीही तपासलेला असतोच असं नाही. त्या यादीत भर लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हरवर आहे. स्कॅनरसाठी 'सेन' (SANE) या स्कॅनर चालवणाऱ्या प्रकल्पाची यादी बघा. तिथे प्रत्येक मॉडेलपुढे 'पूर्ण', 'चांगलं', 'जेमतेम', 'चालत नाही' असा शेरा असतो. प्रिंटरसाठी 'ओपनप्रिंटिंग' (OpenPrinting) प्रकल्पाची यादी. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत येतं, त्यामुळे ज्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर ३२ बिटांचाच आहे, तो तिथे त्या ड्रायव्हरवर चालणार नाही.

"हा पोर्ट लाभतो" असं म्हणणारे भेटतात. उपकरणाला सिरियल नंबर नसेल तर विंडोज प्रत्येक पोर्टवर ते नवं समजून ड्रायव्हर पुन्हा बसवतं. लाभाचा संबंध नाही.

घ्यायला जाताना लाइव्ह लिनक्सचा (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सचा) पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप न्या. डोंगल लावून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'एलएसयूएसबी' (lsusb) द्या, नंबर हव्या त्या आवृत्तीचाच आहे का बघा. मग त्याच आज्ञेपुढे जागा सोडून 'उणे टी' (-t) जोडा. 'ड्रायव्हर' (Driver) या शब्दापुढे नाव आलं तर नेटवर्क दिसतंय का बघा. जागा रिकामी असेल किंवा तिथे '[none]' दिसलं तर डोंगल परत करा, आणि घेतलंत तर बिलावर हार्डवेअर आवृत्ती लिहून घ्या.