प्लांकच्या स्थिरांकाचं प्रॅक्टिकल: मागचा इतिहास

प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात (फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट), त्यावरून प्लांकचा स्थिरांक काढायचं हे प्रॅक्टिकल पणजी-मडगावच्या कॉलेजांत एका दुपारी उरकतं. फिल्टर बदलायचा, करंट शून्य होईपर्यंत उलटा व्होल्टेज वाढवायचा, वारंवारतेसमोर आलेख काढायचा. पण ती सरळ रेघ १९०५ साली कागदावर मांडली गेली आणि पक्की व्हायला १९१६ उजाडलं. ही अकरा वर्षं का लागली ते वर्गात सांगायलाच हवं, कारण मुलांचे आकडे आजही त्याच कारणांनी चुकतात.

१८८७ मध्ये हर्ट्झला दिसलं की अतिनील प्रकाश पडला की ठिणगी सहज उडते. १९०२ मध्ये लेनार्डने कार्बन आर्कची तीव्रता कितीतरी पट बदलून पाहिली. करंट वाढला, पण तो थांबवायला लागणारा व्होल्टेज जागचा हलला नाही. आइन्स्टाइनने यावरून समीकरण दिलं: हा व्होल्टेज वारंवारतेबरोबर सरळ रेषेत वाढतो आणि त्या रेषेच्या उतारावरून प्लांकचा स्थिरांक मिळतो. तेव्हा त्याच्या हाती आलेखासाठी भरवशाचे बिंदू नव्हते.

अडचण धातूच्या पृष्ठभागाची होती. हवेचा थोडा अंश लागला तरी सोडियमवर थर चढतो आणि वाचन सरकतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनने सोडियम, पोटॅशियम, लिथियम निर्वात नळीत चाकावर बसवले आणि बाहेरून चुंबकाने पातं फिरवून आतल्या आत ताजा थर खरवडला. स्थिरांक आला ६.५७ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद, आजच्या किमतीपेक्षा जेमतेम एक टक्का कमी. समीकरण त्याने मान्य केलं, प्रकाशकणांची कल्पना मात्र तेव्हाही नाही.

दोन वेगळे धातू जोडले की त्यांच्यात आपोआप येणारा व्होल्टेजचा फरक, म्हणजे संपर्क विभव, हाही त्याने वेगळा मोजला. आपल्या बंद फोटोट्यूबमध्ये (प्रकाश पडल्यावर इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड आणि ते गोळा करणारा ॲनोड असलेली काचेची नळी) ते मोजता येत नाही. उताराला त्याचा धक्का लागत नाही, पण आलेखाच्या छेदावरून निघणारं वर्क फंक्शन (धातूतून इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी किमान ऊर्जा) ॲनोडचं असतं. मुलांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ते कॅथोडचं म्हणून लिहिलं जातं, ते थांबवायला हवं.

४६० आणि ६३५ नॅनोमीटरच्या फिल्टरांत थांबवणाऱ्या व्होल्टेजचा फरक फक्त ०.७४ व्होल्ट. एका टोकाला ०.०५ व्होल्ट चुकलं की उत्तर सात टक्के सरकतं. खोलीतली ट्यूबलाइट बंदच ठेवावी. तिच्यात पाऱ्याची ४३६ नॅनोमीटरची रेषा असते. तो प्रकाश फिल्टरच्या बाजूने आत शिरला की लाल-पिवळ्याचं वाचन वर जातं आणि उतार कमी येतो.

गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक भर पडते. करंट नॅनोअँपिअरमधला, त्यामुळे दमट काचेवरून झिरपणारा करंटही मोजमापात येतो आणि कमी व्होल्टेजलाच शून्य गाठलं जातं. ॲनोडवर प्रकाश पडला तरी हेच होतं. दोन्ही ओळखायचे तर उलटा व्होल्टेज तसाच ठेवून दिवा झाका. उलटा करंट राहिला तर गळती आहे. नळीचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा. गेला तर तो ॲनोडचा आहे. नळी किंचित फिरवून प्रकाश फक्त कॅथोडवर पाडा.