बालदारिद्र्य आणि मुलांचा निर्णयसहभाग (मराठवाडा)

गरिबीची झळ सोसणाऱ्या मुलांना गरिबीवरील उपाय ठरवताना बोलण्याचा आणि त्यांचे म्हणणे विचारात घेतले जाण्याचा हक्क आहे, या तत्त्वावर उभी असलेली कार्यपद्धती. तिचा मुख्य आधार संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे १२ वे कलम हा होय. स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मोकळेपणाने मांडता यावे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन मिळावे, असे हे कलम सांगते. २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या या संहितेत भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी सहभागी झाला.

मराठवाड्यात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो तो ऊसतोडीच्या स्थलांतरात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व शेजारच्या जिल्ह्यांतील कुटुंबे मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि गाळप आटोपल्यावर, मार्च-एप्रिलच्या आसपास, परततात. मजुरांच्या हिशेबात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुले या हिशेबात कोठेच नसतात. त्यांना फडावर (ऊसतोडीच्या शेतावर) न्यायचे, आजी-आजोबांकडे ठेवायचे की हंगामी वसतिगृहात घालायचे, हे थोरलेच ठरवतात. वास्तविक पहाटे आईबाप फडात गेल्यावर कोपीत (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) तान्ह्या भावंडाला कोण सांभाळते, पाणी किती लांबून आणावे लागते, हे त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीइतके कोणालाच ठाऊक नसते. गावी राहिलेल्यांचीही गोष्ट वेगळी नाही. नावाने वसतिगृह असले तरी अनेक ठिकाणी ती सोय दोन वेळच्या जेवणापुरती असते आणि मूल रात्री नातेवाइकांकडे झोपते. ती रात्र सुरक्षित आहे का, हे हजेरीपटावरून कळत नाही. ते मुलांनाच विचारावे लागते.

मुलींच्या बाबतीत परिस्थिती आणखी बिकट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न १८ वर्षांपूर्वी झाले, त्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के, तर बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के आढळले. मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे ही चिंता आणि लग्नामुळे नवा कोयता, म्हणजे मजुरांची नवी जोडी, उभा राहण्याची सोय, दोन्ही गोष्टी येथे एकत्र येतात.

सहभागाच्या चौकटी कागदावर आहेत. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या. ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या प्रक्रियेत बालसभा घेण्याची सूचना आहे आणि ‘बालस्नेही गाव’ हा पंचायतींसाठी ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या नऊ विषयांपैकी एक आहे. अडचण वेळापत्रकाची आहे. आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होऊन पुढचे काही महिने चालते, आणि नेमक्या याच काळात सर्वांत गरीब मुले गावाबाहेर पडू लागतात. २६ जानेवारीला भरलेल्या बालसभेत उरतात ती तुलनेने सुस्थितीतील मुले. त्यांनी मागितलेले खेळाचे मैदान रास्तच असते, पण त्यालाच गावच्या मुलांचा आवाज म्हणणे दिशाभूल करणारे ठरते. मराठवाड्यापुरते तरी बालसभा दसऱ्यापूर्वी, शक्यतो १५ ऑगस्टच्या आगेमागे, वस्ती-तांड्यावर घेणे आणि फडावरील मुलांचे म्हणणे तेथे जाऊन नोंदवणे, हेच सयुक्तिक होय.

बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये १२ व्या कलमाचा अर्थ अवकाश, आवाज, श्रोता आणि प्रभाव अशा चार घटकांत उलगडला. आपल्याकडील बालसभांत पहिले दोन बऱ्यापैकी सांभाळले जातात. मुले भाषणे करतात, छायाचित्रे निघतात. मात्र मागणी ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत चढली का, आराखड्यात तिला निधी मिळाला का, नसल्यास का नाही, हे मुलांना परत येऊन सांगण्याची रीत जवळजवळ नाही. शिवाय काही गोष्टी सभेत बोलता येतच नाहीत. मुकादम भावकीतला असताना, किंवा स्वतःचेच लग्न ठरत असताना, तेरा वर्षांची मुलगी चारचौघांत तोंड उघडणार नाही. तिच्यासाठी विश्वासातल्या शिक्षिकेशी किंवा अंगणवाडी सेविकेशी खाजगीत बोलण्याची सोय आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक हाताशी असणे हाही सहभागाचाच भाग ठरतो.