चौथी आज्ञा मुळात कोणासाठी होती?

कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला जाण्याआधी कॅथलिक मुलांना स्वतःला विचारायला शिकवतात: आईवडिलांना उलट बोललो का? त्यामुळे बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी चौथी आज्ञा ही शाळकरी मुलांना वळण लावण्यासाठीच आहे, असा समज होतो. तिचा इतिहास वेगळा आहे.

‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ ही आज्ञा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात आहे. दहा आज्ञांची ती यादी ज्याला उद्देशून आहे, त्याच्या पदरी दासदासी आहेत आणि त्याचा डोळा शेजाऱ्याच्या बैलावर जाऊ शकतो. हा काही दहा वर्षांचा पोरगा नव्हे. त्याचे आईबाप थकलेले असणार. पुढच्याच अध्यायात आईबापाला शिव्याशाप देणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. बोलण्याच्या गुन्ह्याला इतकी जबर शिक्षा क्वचितच दिसते.

इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बेन सिरा या यहुदी ज्ञानी लेखकाने आपल्या ग्रंथात या आज्ञेला मायेचे वळण दिले. वडिलांचा मान शब्दाने आणि कृतीने राखावा, हे वचन त्याचेच (३:८). प्रॉटेस्टंट हा ग्रंथ पवित्र शास्त्रात धरत नाहीत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली तो कॅथलिकांसाठी पक्का केला. आज्ञांचा क्रमही सर्वत्र सारखा नाही. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांपैकी लुथरन हे प्राचीन धर्मपंडित संत ऑगस्टिनची मोजणी पाळतात, इतर बहुतेक प्रॉटेस्टंट पाळत नाहीत; म्हणून कॅथलिक वसईत जी चौथी, ती नगरकडच्या प्रॉटेस्टंट अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत पाचवी.

येशूने या आज्ञेचा विषय काढला, तोही मोठ्या माणसांशी बोलताना. ‘तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचे ते मी देवाला अर्पण केले आहे’ असे आईबापाला सांगून हात झटकण्याची सोय काही लोकांनी शोधली होती. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात येशू यावर बोट ठेवतो. त्या वाक्यात शिवी नाही, उलट भाषा मोठी भाविक आहे. माझ्या मते या सगळ्या परंपरेतली सर्वांत बोचरी जागा हीच.

पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या कॅथलिक धर्मपंडिताने देवाखालोखाल आईबाप आणि मायदेश यांचे ऋण मांडले. १५६६च्या रोमन धर्मशिक्षण ग्रंथात प्रेम, आदर, आज्ञापालन आणि सांभाळ ही कर्तव्ये एकत्र आली.

१९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने त्यांतली दोन सरळ वेगळी केली (परिच्छेद २२१७). मूल स्वतंत्र झाले की आज्ञापालन संपते, आदर संपत नाही. आईवडिलांची एखादी आज्ञा पाळणे नैतिकदृष्ट्या चुकीचे आहे अशी सदसद्विवेकाची खात्री असेल, तर लहानपणीही ती पाळू नये. म्हणजे नकार देता येतो. प्रश्न उरतो तो कोणत्या शब्दांत देतो याचा.

नाताळानंतर येणाऱ्या पवित्र कुटुंबाच्या सणाला मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) बेन सिराचा हाच अध्याय वाचतात, पण २ ते ६ आणि १२ ते १४ एवढीच वचने. शब्दाने मान राखण्याचे आठवे वचन त्यात येत नाही. वडिलांची बुद्धी चालेनाशी झाली तरी सांभाळून घे, हे तेरावे मात्र येते.